खोट्या दुखण्याची परीक्षा

आये,

तुझ्या पणतीनं मला पेशंट केलंय. घाबरू नकोस गो, खोटी पेशंट! ती आता परळच्या एका इस्पितळात डॉक्टरकीच्या पोरांना शिकवते. खऱ्या माणसावर सोडण्याआधी या पोरांची परीक्षा खोट्या पेशंटवर घेतात. पलीकडच्या खोलीत तर रबराचा माणूस झोपवलाय, श्वास घेतो, नाडीसुद्धा लागते. उघडाच होता बिचारा, म्हणून मी जाऊन गळ्यापर्यंत चादर ओढली. नात ओरडली, "आजी, अगं त्याची छातीच तपासायचीय!" सगळे हसले. तू गिरणीत वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात होतीस, तेव्हा नव्या बाईला आधी तुझ्या शेजारी उभं करायचे, मगच मशीन द्यायचे ना? तसंच हे. ज्यानं काढलं त्याचं डोकं मानलं मी.

मला नातीनं पढवून ठेवलेलं. छातीत जळजळतं, गॅस झालाय, एवढंच म्हणायचं. दुखणं डाव्या हातात उतरतं, हे कुणी नेमकं विचारलं तरच सांगायचं. "आजी, तोंड आवर हं. एकाला सांगितलंस तर बाकीच्यांवर अन्याय." मी आणि तोंड आवरणार! पण जमलं. पोरं एकेक करून येत होती, नमस्कार करत होती, हात चोळून गरम केल्यावरच माझं मनगट धरत होती. किती गुणी!

शेवटी एक लांब वेणीची मुलगी आली. बाहेर मैत्रिणीला सांगताना मी तिला ऐकलं होतं, "या वेळी उडाले तर सहा महिने गेले." घामानं डबडबलेली. काय खाल्लं, बीपी आहे का, सगळं विचारते, पण हाताचं विचारत नाही. घड्याळात एकच मिनिट उरलेलं. माझा डावा हात आपोआप वर यायला लागला, आणि तू आठवलीस. त्या दुपारी छाती धरून म्हणालीस, "काय नाय गो, गॅस झालोहा, वायच ओवो दी." संध्याकाळी गेलीस. आपल्या बायका अशाच, विचारल्याशिवाय सांगत नाहीत, विचारलं तरी अर्धंच. उद्या या मुलीपुढं तुझ्यासारखी एखादी बसली तर तिथं खूण कोण करणार? मी हात मांडीखाली दाबून धरला.

ती दारापर्यंत गेली. थांबली. वळली. "आजी, गॅस म्हणताय, पण दुखणं आणखी कुठं जातं का? लपवू नका हं."

"डाव्या हातात जातं गो बाय," मी म्हटलं, आणि घंटा वाजली. मला रडूच फुटलं. तिला वाटलं ॲक्टिंग. म्हणते, "आजी, काय भारी करता तुम्ही!"

चौथीपर्यंतचं माझं अक्षर, तुला धाडायला पत्ता नाही, नातीला दाखवायचं नाही. म्हणून सांगून टाकते. त्या दुपारी ओवा मीच दिला होता. तू डावा खांदा चोळत होतीस, ते दिसत होतं मला. भाकऱ्या व्हायच्या होत्या, म्हणून विचारलं नाही.