तीनशे वेळा धुतलेला डबा

सोमवार, ३ मार्च

फलक लागला! गेटमधून आत शिरलं की समोरच, माणसापेक्षा उंच. आमच्या डब्याचा फोटो आणि खाली हे एवढं : ‘हा डबा तीनशे वेळा वापरला गेला. वापरा, परत करा, पृथ्वी वाचवा.’ आणि त्याच फलकाखालून आज सहाशे चाळीस डबे पोत्यांत भरून बाहेर गेले. एकदा वापरलेले, फार तर दोनदा!

तेलाचा डाग पहिल्या धुण्यात गेला नाही की डबा बाद. दुसऱ्यांदा धुवायचा नाही — साहेबांचा हुकूम. दुसऱ्या धुण्याला पाणी तापवावं लागतं, बाई लागते, वेळ जातो. नवा डबा काय, खोक्यातून काढला की झालं. आणि तो नवा डबा येतो कसा? प्रत्येक डबा वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत! पृथ्वी वाचवणारा डबा, पिशवीत गुंडाळून. हसावं की कपाळ बडवून घ्यावं?

कल्पना किती चांगली होती. हॉटेलं आमचे डबे भाड्याने घेणार, गिऱ्हाईक जेवून डबा परत करणार, आम्ही धुणार, तोच डबा उद्या दुसऱ्याच्या घरी. शंभर घरांचा मिळून एक डबा. मी त्या कल्पनेसाठी आले इथे, धुण्याच्या खोलीची मुकादम म्हणून. बरं, पगारासाठीही आले. पण कल्पनेसाठीही आले.

मंगळवार, ४ मार्च

स्टिकरचं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच म्हणेन, मला काय ठाऊक.

डब्याच्या तळाला नंबराचा स्टिकर असतो. मशीनसमोर धरला की टुक — एक फेरी वाढली. सुरुवातीला ते स्टिकर गरम पाण्यात सुटायचे. नंबर गेला की डबा हरवला असं धरायचे. मग मी घरून माझा हेअर ड्रायर नेला. बायकांना शिकवलं — गरम हवा मारा, कोपऱ्यातून अलगद उचला, काचेवर लावून ठेवा, डबा धुऊन वाळला की परत चिकटवा. त्याच डब्याला! साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. केवढी फुगले होते मी.

पुढच्याच महिन्यात एक डबा तडकला. स्टिकर मात्र धडधाकट. मी म्हटलं, “लाव नव्याला, कोण बघतंय.”

मीच म्हटलं. साहेब शेजारी उभे होते. हसले फक्त. दुसऱ्या दिवसापासून तीच पद्धत झाली. आता बाद डब्यांचे सगळे स्टिकर नव्यांना जातात, आणि ॲपमध्ये डबा तीनशे वर्षांच्या म्हातारीसारखा जगतच राहतो.

शुक्रवार, ७ मार्च

उशिरा सुटले. अशा दिवशी आमचे अण्णा कोपऱ्यावरच्या हॉटेलातून आमच्याच डब्यातलं जेवण मागवतात. छोटं हॉटेल, त्याला ठरलेल्या नंबरांचे मोजकेच डबे जातात, तेच फिरून फिरून आमच्या घरी. “सुनेच्या हातचं नाही तर निदान सुनेने धुतलेल्या भांड्यातलं,” हा त्यांचा ठरलेला विनोद. आख्ख्या जिन्यात सांगत फिरतात — आमची सून कचरा कमी करते!

जन्मभर घड्याळं दुरुस्त केली त्यांनी. दुकान बंद झालं, डोळ्याला लावायचं भिंग काही सुटत नाही. आज जेवण झाल्यावर डबा पालथा घालून भिंगातून बघत बसले होते. शेजारी फोनवर आमचं ॲप उघडं, नंबर टाकला की गिऱ्हाइकाला डब्याच्या फेऱ्या दाखवणारं.

“कोरा करकरीत दिसतोय गं.”

“नीट धुतो आम्ही.”

“दोनशे बारा वेळा?”

“हो, अण्णा.”

मी भांडी घासायला उठले आणि सगळा राग त्या बिचाऱ्या तव्यावर काढला.

रविवार, ९ मार्च

शेजारणीचं भिंतीवरचं घड्याळ अण्णांनी दुरुस्त केलं. झाकण लावण्याआधी आतल्या बाजूला सुईने बारीकशी खूण कोरली. गेली बारा वर्षं बघतेय, कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं.

“आपण उघडलं की खूण करायची. पुढे बिघडलं तर शेवटचा हात कुणाचा होता, कळायला नको?”

“आणि तुमच्याच हातून बिघडलं असेल तर?”

“तर माझ्याच दारात येतील की. म्हणून तर करायची!”

संध्याकाळी ह्यांचा फोन आला. कामासाठी आणखी दोन महिने तिकडेच. बरं.

बुधवार, १२ मार्च

तळपायाची आग मस्तकात गेलीय, अक्षर वाकडं येतंय.

हॉटेलवाल्यांची तपासनीस बाई आली होती पाहणीला. साहेब हिरवा कोट घालून हजर. हा कोट फक्त पाहुण्यांसाठी असतो, म्हणून आम्ही त्यांना हिरवळ म्हणतो. मागचं दार बंद. पोती ताडपत्रीखाली. बाईंनी विचारलं, “बाद डबे कुठे जातात?” हिरवळ म्हणाले, “पुनर्वापर केंद्रात. कागद आहेत.” कागद आहेतच! टेम्पोवाल्याला मी मागेच विचारलं होतं, कुठे नेतोस रे? तो म्हणाला, “ताई, खाणीचा जुना खड्डा. अर्धे पुरतो, अर्धे जाळतो. केंद्र कुठलं?”

हे मी बाईंना सांगितलं का? नाही. मी पाण्याचे ग्लास दिले.

बोलली ती मोठी. धुणाऱ्यांत सगळ्यांत वयाने मोठी, म्हणून मोठी. तिने दोन्ही हात बाईंसमोर धरले — सोड्याच्या पाण्याने सोललेले, नखांशी लाल. “बाई, पृथ्वीचं होईल ते होईल. आम्हाला हातमोजे द्यायला सांगा यांना. आठ महिने मागतोय.”

हिरवळ हसले, पण कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला आतून किती बरं वाटलं! आणि मी तोंडातून एक अक्षर काढलं नाही.

गुरुवार, १३ मार्च

ॲपचा संदेश आला : ‘आज तुम्ही चार झाडं वाचवलीत.’ कुठली? दाखवा मला.

सोमवार, १७ मार्च

हॉटेलवाल्यांकडे पत्र गेलंय. आमच्याविरुद्ध!

हिरवळ केबिनमध्ये दार लावून ओरडत होते. “निनावी! नाव द्यायची छाती नाही!” पत्रासोबत डब्यांचे फोटो आहेत म्हणे. एकाच नंबराचे, वेगवेगळ्या तारखांचे, आणि डबे वेगळे आहेत हे सिद्ध होतंय. कसं, ते सांगितलं नाही. फोटो दाखवलेही नाहीत. मी मागितले तर म्हणाले, “तुम्हाला बघून काय करायचंय?”

मग आवाज एकदम मऊ. “आतल्या माणसाचं काम आहे. मोठीचंच. तुम्ही एवढंच लिहून द्या — स्टिकर बदलण्याचा प्रकार तिने परस्पर सुरू केला, धुण्याचा कंटाळा म्हणून. कंपनीला कल्पना नव्हती.”

कंपनीला कल्पना नव्हती! हेअर ड्रायरचं कौतुक कुणी केलं? नवे डबे महिन्याला किती मागवायचे ते कोण ठरवतं? मोठी?

मी म्हटलं, विचार करते. विचार कसला करायचाय यात? तरी म्हटलं.

मंगळवार, १८ मार्च

मोठीशी भांडले. कपडे बदलायच्या खोलीत, सगळ्यांसमोर.

“मला सांगायचं होतंस! मी काय परकी होते?”

“मी नाही लिहिलं, ताई.”

“मग आकाशातून पडलं पत्र?”

“मला लिहिता कुठे येतंय धड? पण ज्याने लिहिलं त्याचं भलं होवो.” आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “मला वाटलं, तुम्हीच.”

कुणाकडून लिहून घेतलं असणार. तिचा भाचा शिकलेला आहे. माझ्यावर ढकलते! मला इतका संताप आला की बाहेर येऊन नळाखाली तोंड धरलं. तिने माझ्या पाठीमागे हे करावं? आता सगळं बंद पडलं तर आम्ही अठरा जणींनी कुठे जायचं? हे घर कशावर चालवायचं?

मी तिच्यावर चिडलेय की तिला मी तशी वाटले म्हणून चिडलेय, कळत नाही.

गुरुवार, २० मार्च

सही केली.

हिरवळांनी आपलं पेन दिलं. हिरवं.

शुक्रवार, २१ मार्च

मोठीला काढलं. जाताना तिने काचेवरचे वाळत लावलेले स्टिकर एकेक करून नीट ओळीत लावले, ड्रायरची वायर गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. “तुमचा आहे,” म्हणाली.

घरी आणलाय. कपाटात कोंबलाय. हिरवळांच्या तोंडावर का नाही फेकला मी?

शनिवार, २२ मार्च

हातमोजे आले. नवे कोरे. प्रत्येक जोडी वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत.

रविवार, २३ मार्च

अण्णा दोन दिवस माझ्या मागे मागे. चहा करून दिला. स्वतः! शेवटी विचारलं, “कामावर कुणी तुला काही विचारलं का गं?”

“मला कोण काय विचारणार?”

“नाही, विचारलं असेल म्हणून...”

“अण्णा, मला शांत बसू द्या हो!”

केवढ्याने ओरडले मी त्यांच्यावर. बारा वर्षांत पहिल्यांदा. ते गॅलरीत जाऊन बसले, हातात आमचाच धुतलेला डबा, परत द्यायचा राहिलेला. मी मोठीला विकलं आणि ओरडतेय कुणावर? माझी मलाच शिसारी आली.

मंगळवार, २५ मार्च

तपासनीस बाईंनी बोलावलं. त्यांच्या ऑफिसात, एकटीला. टेबलावर माझी सही असलेला कागद, शेजारी ते पत्र.

“निनावी ना?” मी म्हटलं.

“निनावी कुठलं? नाव आहे, पत्ता आहे. तुमच्या साहेबांना आम्ही त्याच दिवशी प्रत पाठवली होती.”

त्याच दिवशी! म्हणजे मोठी नव्हे हे हिरवळांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पत्र कुणाचं तेही.

बाईंनी पत्र माझ्याकडे फिरवलं. पत्ता आमच्या घराचा. अक्षर अण्णांचं. चार फोटो, चारही डब्यांवर एकच नंबर. पहिल्याच्या तळाला सुईने कोरलेली बारीक खूण — शेजारणीच्या घड्याळात आहे ती. पुढच्या तिन्हींवर खूण नाही.

शेवटची ओळ मी दोनदा वाचली. ‘खरं काय ते माझ्या सुनेला विचारा. ती तिथेच काम करते आणि ती खोटं बोलत नाही.’

बाईंनी माझा कागद उचलला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं.

मी सगळं सांगितलं. हेअर ड्रायरपासून.