रिनाउन्सला फ्रॉम लागत नाही

जबलपूर, २ सप्टेंबर १९६५, गुरुवार

सीमेवर गडबड वाढली म्हणून आमच्या लष्करी फॅक्टरीत सगळ्यांच्या सर्व्हिस बुकांची तपासणी. दिवसभर दुसऱ्यांची पानं टाइप केली. बोटं आखडली. सुटायच्या सुमारास दुबेजींनी, म्हणजे आमच्या बडे बाबूंनी, माझंच पान समोर ठेवलं. नाव विमल. धर्म हिंदू. जात महार. खाली एक ओळ, की वरील माहिती खरी आहे. त्याखाली माझी सही हवी.

केली नाही.

नागपूरला दीक्षा घेतली त्याला नऊ वर्षं होतील. मी तिथे होते, बाबांच्या शेजारी उभी, पांढऱ्या साडीत, पहिल्यांदाच नेसलेली, निऱ्या सारख्या सुटत होत्या. आणि आता लिहून देऊ की हिंदू?

दुबेजींना म्हटलं, धर्म चुकला आहे. ते म्हणाले, "टाइपिंग की गलती होगी बिटिया, सुधार लो."
टाइपिंगची नाही म्हटलं. तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

३ सप्टें.

दुबेजींनी बाजूला बोलावून नीट समजावलं. माणूस वाईट नाही. स्टेनोची जागा निघते आहे, राखीव आहे, आणि त्या यादीत मी एकटीच. "हिंदू लिखा है तो जगह तुम्हारी. बौद्ध लिखोगी तो रिज़र्व में नहीं गिनी जाओगी. कायदा है, मैंने नहीं बनाया."
विचार करते, मी म्हणाले. खरं तर करायचा नव्हता.

४ सप्टें., शनि.

घरी सांगितलं. बाबा आमच्याच फॅक्टरीच्या फाउंड्रीतून आलेले, भुवया अजून काळ्या. जेवता जेवता थांबले.
"काहून बदलतं? घरात बुद्ध हाय, मनात हाय. कागदाले काय समजते?"
कागदावर हिंदू त्यांनीच लिहवलं होतं, मी लागले तेव्हा. राग नाही आला. शॉर्टहँडच्या क्लासला मला रोज सोडायला यायचे, तासभर बाहेर नाल्याच्या पुलियावर बसून राहायचे, उन्हातही. ती जागा माझ्याइतकीच त्यांचीही आहे.
आई मध्येच म्हणाली, "तिची सही हाय. तिले ठरवू द्या."
बाबा ताटावरून उठले. भात तसाच.

७ सप्टें.

लढाई लागली. काल रेडिओभोवती सगळी गल्ली. आज ओव्हरटाइम, उद्याही, पुढे किती दिवस कोण जाणे. खिडक्यांना खाकी कागद चिकटवले.

जेवणाच्या सुट्टीत अर्ज लिहायला घेतला. 'सोडणं' यासाठी डिक्शनरीत पुष्कळ शब्द. लेफ्ट साधा वाटला, कोणी बस सोडावी तसा. गिव्ह अप तर विडी सोडल्यासारखा. रिनाउन्स भारी वाटला, तोच घेतला. आय हॅव बीन रिनाउन्स्ड फ्रॉम हिंदू रिलिजन. तीनदा वाचलं. छान वाजत होतं.

८ सप्टें.

अर्ज मिस पिंटोंना दाखवला. मोठ्या साहेबांच्या स्टेनो, यंदा रिटायर होतात, त्यांचीच जागा निघते आहे. माझं इंग्रजी त्याच तपासतात, लाल पेन्सिलीने आणि दयामाया न ठेवता. त्यांनी ओळ वाचली आणि पेन्सिल खाली ठेवली.
"ये क्या है, मैन? तुमको धर्म ने निकाला, या तुमने धर्म को?"
मी म्हटलं, आम्ही सोडला.
"तो बीन काटो. और ये फ्रॉम किसलिए? रिनाउन्स को फ्रॉम नहीं लगता. जो छोड़ा, वो सीधा उसके आगे आएगा."
काटलं. आय हॅव रिनाउन्स्ड द हिंदू रिलिजन. लहान झालं आणि ताठ झालं.
मी उठले तर म्हणाल्या, बस. "एक बात और. आदमी वही चीज़ रिनाउन्स करता है जो उसकी थी. पड़ोसी का घर कोई रिनाउन्स नहीं करता. तुम्हारा था क्या?"
कागद घेऊन जागेवर आले, त्या शब्दाखाली रेघ मारली. 

(भोंगा झाला. जाते.)

१० सप्टें.

माझं होतं का? भंडाऱ्याकडचं आमचं गाव आठवलं, लहानपणी सुट्टीत जायचो ते. देवळाची पायरी लांबून पाहिलेली. विहिरीवर दुसऱ्या कोणी पाणी वाढेपर्यंत थांबायचं. आत कधी घेतलंच नाही तर बाहेर काय पडणार?
शब्द खोडला. नवीन वाक्य केलं, की मी त्या धर्माची कधीच नव्हते. व्याकरण बिनचूक. खूश होते.

११ सप्टें., शनि.

आज जे झालं ते पूर्ण लिहून ठेवते.

बाबांना नवीन वाक्य वाचून दाखवलं. मराठीत अर्थ सांगितला. वाटलं होतं, निदान हे तरी आवडेल. ते एकदम भडकले.
"आपलं नव्हतं? कोण म्हणते?"
म्हटलं, देवळात कुठे घेत होते बाबा?
"देवळाचं नाही सांगून राहिलो. मरीआईचं सांगून राहिलो."

मरीआई म्हणजे आमच्या देव्हाऱ्यातला पितळी टाक. बाबांच्या आईचा. गाव सोडून इकडे फॅक्टरीत लागले तेव्हा एक ट्रंक आणि तो टाक, एवढंच सोबत. मला आठवतो, घासून घासून नाक गेलेला. बाबा म्हणाले, तू तापाने फणफणली होतीस तेव्हा रात्रभर तिच्यापुढे बसलो होतो. कामावर जायच्या आधी रोज तिले पाणी घातलं, मगच मी चहा पेलो.

दीक्षेहून परतल्यावर तो टाक घेऊन ते आणि आई ग्वारीघाटला गेले. हे मला ठाऊकच नव्हतं. आई पायरीवर बसली. बाबा नर्मदेत कमरेएवढ्या पाण्यात उभे.
"हात उघडत नव्हता माहा. मूठ अशी, आवळलेली. पाणी धक्के देऊन राहिलं. तरी उघडला. आपलं होतं म्हणूनच तर सोडलं ना! अन् तू लिहून राहिली का आपलं नव्हतंच. मंग मी पाण्यात काय सोडलं, गोटा?"

आई पदराने डोळे पुसत होती. मी कागद उलटा करून ठेवला.
मग बाबांच्याच ध्यानात आलं असावं की कागद बदलू नको म्हणणारे आपणच अर्जाच्या बाजूने बोललो. म्हणाले, "जे खरं हाय ते लिही. बरोबर लिही पण."

१२ सप्टें.

रिनाउन्स्ड. परत घातला. बीन नाही, फ्रॉम नाही.

१३ सप्टें., सोम.

अर्ज दिला. दुबेजींनी उभ्या उभ्या वाचला. "अंग्रेज़ी तो पक्की है." मग आवाज उतरवून, "लड़ाई के दिन हैं. अभी वापस ले लो, मैंने देखा ही नहीं."
"वापस नहीं लूँगी, दुबेजी."
"जगह जाएगी."
"जाए."
"बाप से पूछा?"
म्हटलं, शब्द पक्का त्यांनीच केला.
त्यांनी शिक्का मारला. जरा जोरात मारला.

बाहेर आले तर पाय हलके. पुरी-भाजी घेतली, उभ्यानेच खाल्ली.

१७ सप्टें.

अपेक्षेप्रमाणे राखीव यादीतून नाव काढलं. मिस पिं.ना कळलं. काही म्हणतील वाटलं होतं, म्हणाल्या, "तो ओपन में बैठो. स्पीड है तुम्हारी. रोना है तो घर जाके रोना, अभी डिक्टेशन लो."
रडायचं नव्हतंच. डिक्टेशन घेतलं. एक चूक.

ओपनमध्ये पुष्कळ जण बसतील, त्यात पदवीधर आहेत. असू देत.

२१ सप्टें.

वरून चिठ्ठी आली. अर्जदाराने धर्मांतर केल्याचं प्रत्यक्ष पाहिलेला साक्षीदार साहेबांसमोर हजर करावा. तोवर सर्व्हिस बुक अडकलेलं, आणि ते अडकलं तर ओपनच्या परीक्षेलाही बसता येत नाही. हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. दुबेजींच्याही नाही, ते खरंच ओशाळले.
साक्षीदार कोण, हा प्रश्नच नाही. पण बाबांना सांगायचं कसं? आपणही दीक्षा घेतली हे स्वतःच्या तोंडाने साहेबापुढे कबूल करायचं, म्हणजे हिंदू लिहिलेलं त्यांचंही पान उघडणार. पंचवीस वर्षांच्या नोकरीचं.

२२ सप्टें.

सांगितलं. बाबा म्हणाले, "मंग? येतो ना." एवढंच. बूट पुसायला बसले.

२४ सप्टें., शुक्र.

लढाई थांबली. गल्लीत पेढे. खिडक्यांचे कागद अजून तसेच, ओढले तर रंग निघतो.
संध्याकाळी बाबा म्हणाले, तो शब्द शिकव मला. रिनौस, रिनाउस. आई हसून हसून बेजार.
"हिंदीत सांगा बाबा, चालते."
"हिंदीत बाकी सांगतो. तो शब्द तोच पायजे. त्याच्यावर भांडण हाय ना?"
शेवटी जमला. स्वतःच खूश होऊन शेजारच्या भैयालाही ऐकवून आले.

२७ सप्टें., सोम.

हे ऑफिसातच लिहून राहिले. बाबा साहेबांच्या खोलीत गेले आहेत. धुतलेला शर्ट, वरचं बटणही लावलेलं. मला आत जाऊ दिलं नाही, अर्जदाराने बाहेर थांबायचं.

दार बंद आहे, पण फाउंड्रीतल्या माणसाला हळू बोलता येत नाही. शब्द ऐकू आला. अगदी बरोबर म्हणाले. नंतर साहेबांनी काहीतरी विचारलं, ते कळलं नाही. मग बाबा हिंदीत, सावकाश. ग्वारीघाट ऐकू आलं. मग 'मेरी माँ का था, साहब.'

  दुबेजी पेन हातात धरून बसलेत, लिहीत नाहीत. मिस पिंटो आपल्या दारात उभ्या. मशीनवर कागद चढवला आहे, तारीख घातली आहे, पुढे हात जात नाही.

आत खुर्ची सरकली. बाबा उभेच असणार, म्हणजे साहेब उठले.