खोटं गिऱ्हाईक

५ मार्च

खोटं बोलायची नोकरी लागली – आणि मला तर साधं "जेवून आलेय" म्हणतानाही घाम फुटतो!

काम असं. मेडिकलमध्ये जायचं, काउंटरवर वाकून हळूच म्हणायचं, "पाळी चुकलीय, गोळी मिळेल का?" मग दुकानदार काय बोलतो ते डोक्यात ठेवायचं. नीट माहिती देतो, इस्पितळात पाठवतो, की हाकलून लावतो. विकत काही घ्यायचं नाही. पुडी समोर ठेवलीच तर "पैसे घेऊन येते" म्हणून सटकायचं. कोपऱ्यावर माझी जोडीदारीण उभी असते, तिला सगळं जसंच्या तसं सांगायचं. मी तिला चष्मेवाली म्हणते. ती मला नटी म्हणते.

हे संशोधन इस्पितळातल्या डॉक्टरबाईंचं. बायकांना खरंच गरज पडते तेव्हा काउंटरवर काय होतं, ते त्यांना बघायचंय. दोन गोष्टी बजावल्यात. काम संपेपर्यंत घरीदारी बोलायचं नाही, कारण एका दुकानदाराला कळलं की सगळे शहाण्यासारखे वागायला लागतील. आणि दुकानात भूमिका सोडायची नाही. "छत कोसळलं तरी," म्हणाल्या.

घरी सांगितलंय, औषधांच्या दुकानांचा सर्व्हे आहे. बाबा खूश. तसं खोटंही नाही ते.

७ मार्च

सकाळच्या दुकानात मी लग्न झालेली, पहिलं मूल अजून अंगावर पिणारं. म्हाताऱ्या दुकानदाराने बसायला खुर्ची दिली, पाणी विचारलं. "पोरी, आधी डॉक्टरला दाखव, मनाने काही घेऊ नकोस."

दुपारच्या दुकानात मी लग्न न झालेली. प्रश्न तोच. तो माणूस एवढ्या मोठ्याने "काय हवंय?" म्हणाला, की शेजारी खोकल्याचं औषध घेणारा खोकायचा थांबला. बाहेर येऊन सांगताना मी ओढणीने तोंड पुसतच राहिले. चष्मेवाली म्हणाली, "अगं, तू थोडीच खरी आहेस?" बरोबर आहे तिचं. पण तो बघत होता ते माझ्याकडेच ना.

१० मार्च

रस्त्यात मागून कुणी चाललं तरी वाटतं दुकानातलंच माणूस आहे. आज दोनदा फुटपाथ बदलला. कुणी नव्हतं.

१२ मार्च

मेले. मेले मी.

आज पुन्हा लग्न न झालेली. काउंटरवर बाई होती, चांगली होती. "किती दिवस वर गेलेत?" तिने विचारलं. मी मान वर केली, तर तिच्या मागच्या कपाटाच्या काचेत आत्या! माझी सख्खी आत्या, माझ्या पाठीशी उभी, हातात ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची चिठ्ठी.

कुणीही शहाणं माणूस तिथून पळालं असतं. मी काय केलं? छत कोसळलं तरी म्हणाल्या होत्या ना – मी पुढचं पाठ केलेलं वाक्य म्हटलं! "दोन आठवडे. घरी माहीत नाही. कळलं तर जिवंत सोडणार नाहीत." आत्याच्या देखत. स्पष्ट आवाजात. अक्कल कुठे गहाण पडली होती कोण जाणे.

बाहेर आत्याने मनगट धरलं. "कोण आहे तो?"

"आत्या, तसलं काही नाही गं. कामाचा भाग आहे."

"हो का? आणि मी दुधखुळी."

आत्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. उद्यापर्यंत घरी पोचतंय हे.

१३ मार्च

डॉक्टरबाईंना फोन केला. खूप वाईट वाटलं त्यांना. म्हणाल्या, "त्या भागातली दुकानं सतराला संपतील. मग मी स्वतः घरी येते, सगळं समजावते. तेवढी कळ काढशील?"

काढते म्हटलं. कशी, ते माहीत नाही.

१४ मार्च

आत्या येऊन गेली. आईला घेऊन स्वयंपाकघरात, दार लोटून. भांड्याचासुद्धा आवाज नाही. जाताना माझ्याकडे न बघता चपला घातल्या.

आत गेले तर आई ओट्याशी पाठमोरी. मी हाक मारली. "हं," एवढंच.

१५ मार्च

आई बोलत नाही. ओरडली असती, दोन लगावल्या असत्या तरी चाललं असतं. ताट वाढते, पाणी ठेवते, नजर वर नाही. स्वतः दोन घास खाऊन उठते.

बाबांना सांगितलंय का तिने? वाटत नाही. त्यांना कळलं असतं तर घर एवढं शांत नसतं. मागे खालच्या मजल्यावरच्या मुलीची भानगड झाली, तेव्हा जेवता जेवता म्हणाले होते, "माझी असती तर उंबऱ्याच्या आत घेतली नसती." आणि मग भात मागितला होता. तो आवाज कानातून जात नाही.

१६ मार्च

बाबांनी हाक मारली. संपलं सगळं, म्हणत बाहेर गेले. टीव्हीचा रिमोट सापडत नव्हता.

१७ मार्च

शेवटचं दुकान झालं. उद्या संध्याकाळी डॉक्टरबाई येणार. पण मला तोवर धीर धरवेना. आई गच्चीत कपडे काढत होती, तिथेच गाठली आणि सगळं भडाभडा ओकले. नोकरी, नाटक, आत्या, सगळं.

"म्हणजे तुला काही नाहीये?"

"नाही गं आई. शपथ."

"आणि तू त्या सगळ्या दुकानांत जाऊन आलीस?"

"हो."

तिने चादरीची घडी घातली. पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. मग कपडे उचलून खाली गेली. विश्वास बसलेला नाही तिचा. आता डॉक्टरबाईंनी सांगितलं तरी बसेल का?

१८ मार्च

बाबा कामावर गेल्यावर आईने दाराला आतून कडी लावली. "त्यातलं कुठलं दुकान ओरडत नाही गं? मला दिवस गेलेत. या वयात. यांना कळलं तर ठेवायलाच लावतील."

डॉक्टरबाईंना फोन केला – संध्याकाळी घरी येऊ नका, आम्हीच दोघी येतोय तुमच्याकडे.