वाणात वाटलेलं संशोधन

सांगली, १८ मार्च १९९६

तीर्थस्वरूप आप्पासो दाजी,

धाकटा मेव्हणा केरबा याचा वाकून नमस्कार (पाठीत उसण भरल्याने अर्धाच वाकलो आहे, उरलेला भेटीत पुरा करीन). तब्येत कशी आहे? माणात यंदा चाऱ्याचं कसं काय? लंगडणारा एडका आता नीट चालतो का? इकडे आम्ही सगळे खुशाल. तुमची राणीही खुशाल आहे, फक्त अंगावर कायम राख असते. घाबरू नका, वैराग्य वगैरे आलेलं नाही, कॉलेजात संशोधन चाललं आहे.

हे संशोधन म्हणजे नक्की काय, असं तुम्ही मागच्या पत्रात जरा रागानेच विचारलंत (मातीत खेळायला पोरगी एवढी शिकवली का, हे आपले शब्द). शिवाय वैशाखात विट्याच्या पाहुण्यांकडे तिला उजवायची आहे, तेव्हा चैत्र सरायच्या आत घरी पाठवा, असा हुकूमही सोडलात. म्हणून माझ्या अल्पमतीने सगळं खुलाशाने लिहितो. आमच्या फौंड्रीमागे जळक्या वाळूचा ढीग पडलाय, साखर कारखान्यामागे बॉयलरच्या राखेचा. दोन्ही कुणाला नकोत. राणी ती वाळू आणि राख चाळते, त्यात शाडू आणि कधी तुमच्याच माळावरची गारगोटी कुटून घालते, साबणाएवढ्या वड्या पाडते आणि भाजते. (दिवाळीत ती गारगोटीचं पोतं घेऊन एसटीत चढली, तर कंडक्टरने "ताई, म्हायेरानं दगडं घालून लावून दिलं व्हय?" असं विचारलं. पुढची बोलाचाली लिहिण्यासारखी नाही.) कॉलेजची भट्टी वीज असेल तेव्हाच तापते, म्हणून निम्म्या वड्या नाथाजी कुंभाराच्या वीटभट्टीत भाजून निघाल्या. ह्या वस्तूला सिरॅमिक कंपोझिट म्हणतात. (मी हा शब्द फौंड्रीत बोलायला लागल्यापासून चहा मला आधी मिळतो.) लोखंड वितळवायच्या भट्टीला आतून जे अस्तर लागतं, ते यातून होईल, ते तापाला फुटणार नाही आणि झिजणारही नाही, असं राणीचं म्हणणं. आज आम्ही ते अस्तर लांबून मागवतो आणि ते दर वेळी ढासळतं.

तर आमचे मालक नानासो एक वडी भट्टीत लावून बघायला तयार झाले. मालक तयार होणं ही केवढी गोष्ट, हे तुम्हाला दुरून कळायचं नाही. राणीने सगळ्या वड्यांच्या पाठीवर मिश्रणाची खूण कोरून, त्या नीट खोक्यात भरून आमच्या पडवीत ठेवल्या आणि ती कॉलेजच्या सरांना आणायला गेली. तेवढ्यात संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. आमच्या सौ. हरणाबाईला (तुम्ही तिची बाजू घेता म्हणून मुद्दाम सांगतो) वाणाला काय लुटावं याची चिंता पडलेली. तिने खोकं उघडलं, वडी टाचेवर घासून पाहिली आणि अख्ख्या गल्लीतल्या सवाष्णींना वजरी म्हणून वाण लुटलं. राणी परत आली तेव्हा खोक्यात फक्त पेंढा होता.

पोरीने सरांना चहा दिला आणि पायरीवर बसून राहिली. मला वाटलं, आता हिचं सगळं बुडालं आणि तुमचंच खरं झालं. दिलेलं वाण परत मागायची सोय नाही, हे तुम्ही जाणताच. मी बदल्यात स्टीलच्या वाट्या घेऊन दारोदार फिरलो, पण बायका वजरी सोडायला तयार होईनात, इतकी ती छान चालत होती. तिसऱ्या दारातून मला हाकलल्यावर राणी एकदम उठली. झीज मोजायचं कॉलेजचं यंत्र बंद पडलंय म्हणे, इथे तर गल्लीभर टाचा रोज चालू. मग दर रविवारी ती सोनाराकडून मागून आणलेला काटा घेऊन घरोघर जायची आणि वजऱ्या तोलायची. बायका त्या धुऊन-पुसून तयार ठेवत. कुणाची किती झिजली यावरून नळावर चढाओढ लागली.

सगळ्यांत कमी झिजली ती भामाबाईची. या भामाबाई जन्मभर रानात अनवाणी भांगलण केलेल्या, त्यांच्या टाचा म्हणजे काय सांगू. म्हणाल्या, "पोरी, माझ्या टाचंफुडं दगुड टिकला न्हाई, ही टिकली." पाठीवरची खूण पाहिली तर ती तुमच्या गारगोटीची वडी निघाली, दाजी. भट्टीत लावायला आता तीच हवी होती, आणि वाण मागायचं कसं? भामाबाईंनीच तोड काढली. राणीला पाटावर बसवून तिची कुमारिकेची ओटी भरली आणि तांदळात, नारळाशेजारी, ती वडी घातली.

वडी भट्टीच्या तोंडाशी बसवली. लोखंड वितळलं, ओतलं, भट्टी निवली. आजूबाजूचं अस्तर पापडासारखं सुटलं आणि राणीची वडी जागच्या जागी. नानासोंनी ती काढून हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "आख्खी भट्टी हिनंच मढवूया." मला रडू आलं. दाजी, मी वीस वर्षं त्या वाळूच्या ढिगाला वळसा घालून कामावर जातोय, मला तिथे कधी काही दिसलं नाही. तुमच्या पोरीला दिसलं. मला तिचा फार अभिमान वाटतो, आणि हे मी अर्धं वाकूनही लिहायला तयार आहे.

बाकी सर्व ठीक. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो, पोराबाळांच्या पाठीवरून हात फिरवा.

आपला मेव्हणा,
केरबा

ता. क. : संशोधन पुरं व्हायला अजून एक वर्ष लागेल, असं सर म्हणतात. तेव्हा वैशाखातलं लग्न पुढं ढकलावं, ही हात जोडून विनंती. एवढ्यासाठीच वरचं सगळं लिहिलं.

आणखी एक : वरच्या विनंतीला तसा अर्थ राहिलेला नाही. आमची रंगूअक्का, म्हणजे तुमच्या घरची मंडळी, आमच्याकडून परतताना विट्याला उतरली आणि मुलाच्या आईला सांगून आली, की वर्षभर थांबत असाल तर सोयरीक, नाहीतर राम राम. ती थांबते म्हणाली. अक्काला घरी यायला उशीर झाला तो एसटीमुळे नव्हे. तिच्यावर चिडू नका. आणि अक्काने विट्याला हे ठरवलंय ते तुम्हाला माहीत आहे, असं राणीला कळू देऊ नका. ती तुमच्या होकारासाठी रोज पोस्टमनची वाट बघते. तुम्ही आपणहून हो म्हणालात, असं दोन ओळींचं कार्ड टाका, तुमच्या हातचं.