उघडं कार्ड

नाना, आज एकादशी. पूजा उरकली आणि हिशेबाच्या वहीचं शेवटचं कोरं पान फाडून तुम्हाला लिहायला बसले. काल नणंद आली होती. ती आता नर्स आहे, ड्यूटीवरून तशीच आली. जाताना म्हणाली, "वहिनी, तुमच्या नानांमुळं झालं हे." तिनं तुम्हाला पाहिलेलंही नाही.

पुसेगावजवळच्या आपल्या गावात तुम्ही टपाल सांभाळायचात. घराची पुढची खोली म्हणजेच पोस्ट. एसटीनं थैली यायची, लाखेचं सील नीट बघूनच तुम्ही ती सोडायचात. मी सातवीत असेन. थैलीतलं एक कार्ड वाचलं आणि भिंतीवरून ओरडले, "मावशी, कळमनुरीला नातू झाला तुमाला!" शेजारच्या मावशीनं मूठभर गूळ दिला. तुम्ही मला हाताला धरून तिच्या दारी नेलं आणि गूळ परत करायला लावला. मावशी म्हणते, "राहू द्या की मास्तर, लेकरू हाय. चांगलीच बातमी सांगितली." तुम्ही म्हणालात, "आज चांगली व्हती. उद्या वाईट आली तर ती बी ही पोर अशीच भिंतीवरून वरडंल का?" घरी आल्यावर मला म्हणालात, "कार्ड उघडं असतंय म्हणून ते आपलं होत न्हाई. टपाल सरकारचं, मजकूर त्या माणसाचा. आपण निस्ते मधले हात." पुढं एकदा सरपंच भावकीतल्या कुणाचं पाकीट बघायला मागून राहिले होते. तुम्ही खुर्ची दिली, चहा दिला, पाकीट दिलं नाही. "लेखी हुकूम आणा. त्याबिगर सरकार बी ह्यात डोकावत न्हाई."

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी इथं वसमतला, माझ्या सासरी, इंटरनेटचं दुकान निघालं. नणंदेनं औरंगाबादला नर्सिंगचा अर्ज केला होता, घरात अजून सांगितलं नव्हतं. योग्य वेळ बघून सांगणार होती. दुकानदारानं गावातल्या पोरींना ईमेल काढून दिले होते आणि सगळ्यांचे पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून ठेवले होते. मुलाखतीचं पत्र आलं ते त्यानंच आधी उघडलं आणि भर बाजारात सासूबाईंना सांगितलं. सासूबाई घरी आल्या त्या धुमसतच. "मला भाजीवाल्यांसमोर कळावं? जायचं न्हाई कुठं!" पोरगी दोन दिवस जेवली नाही.

मी तिला घेऊन दुकानात गेले. म्हटलं, "भाऊ, ही ईमेलची पेटी कुणाची?"

"अमेरिकेतल्या कंपनीची, वहिनी. फुकट असती."

"मग तुमी तिचे पोस्टमन का?"

"न्हाई बा."

"मग पत्र काहून उघडलं? तक्रार कुठं द्यायची, तहसीलला?"

तो हसला. "तहसीलदाराचं तिथं काय चालतंय? इंटरनेटवर कुणाचंच सरकार नसतंय."

"तिथं नसंल. तुमचं दुकान तर वसमतमधी हाय ना?"

त्याचं हसू गेलं. वही काढली, नणंदेच्या पासवर्डचं पान माझ्यासमोर फाडलं. नवा पासवर्ड नणंदेनं स्वतः टाकला. मी पडद्याकडं पाठ करून उभी. तो म्हणतो, "तुमी तरी बघून ठेवा." म्हटलं, "मला कशाला? पत्र तिचं हाय."

घरी येऊन सासूबाईंना गुळाची गोष्ट सांगितली. त्यांनी हातातली वात वळून ताटात ठेवली. मग म्हणाल्या, "राग शिकण्याचा न्हाई गं. बाजारात कळलं, त्याचा हाय." आणि मुलाखतीला त्या स्वतःच सोबत गेल्या.

आता पेपरात वाचते, लोकांची पत्रं-माहिती आपल्याच देशात राहावी, सरकारनं त्यावर कायदा करावा. दहावी शिकलेल्या बाईला त्यातलं सगळं कळत नाही. पण पटतं. तक्रार घेऊन जायला आपलं दार असावं, आणि त्या दारातल्या माणसालाही तुमच्यासारखा लेखी हुकूम लागावा. दार आपलं असलं म्हणून त्यानं डोकावावं असं नाही.

हे पान पाकिटात घालून पोथीखाली ठेवते. तिकीट लावत नाही, वाया कशाला घालवायचं. एक मात्र राहिलंच. त्या गुळाच्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, "एकच वाचलंस ना?" आणि मी मान डोलावली होती. तीन वाचली होती, नाना. बाकीची दोन कुणाची होती, ते आजवर कुणाला सांगितलं नाही.