‘ओ’पर्यंतची डिक्शनरी

आप्पा, आज दुपारी द्वारका चौकातल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात डबा खाताना मोबाईलवर रोजचे पाच अवघड इंग्रजी शब्द आले. चौथा पाहिला आणि घास हातातच राहिला. पॅलिएटिव्ह. त्याचं स्पेलिंग मला वाचावंही लागलं नाही.

मग दुपारभर ट्रकमधल्या मालाच्या बिल्ट्या लिहिताना गुलाबांचा वास येत राहिला. पहाटेची शेड, ओल्या पोत्यांवर पसरलेली फुलं, आपण दोघं वीस-वीसच्या गड्ड्या बांधतोय. मराठी पेपर वाचायचा, इंग्रजी फुलांना गुंडाळायचा, हा तुमचा नियम. पण गुंडाळण्याआधी त्यातला सगळ्यात लांब शब्द मी फाडून खिशात ठेवायचा आणि संध्याकाळी अर्थ सांगायचा. "काय मास्तर, आज काय माल गावला?" असं विचारत तुम्ही पाय धुताय. मी सांगतो. तुम्ही तो शब्द लगेच आईवर वापरून बघता. ती म्हणते, "मला शिव्या नका देऊ."

त्यासाठीच तुम्ही बाजारातून येताना रद्दीवाल्याकडची जुनी डिक्शनरी आणलीत. तिला ‘ओ’च्या पुढची पानंच नव्हती. तुम्हाला कळू नये म्हणून मी त्याच दिवशी तिला जाड कव्हर घातलं, आणि पुढे ‘पी’पासूनचे शब्द कधी फाडलेच नाहीत.

तुमच्या आजारपणात दवाखान्याच्या कागदावरच्या त्या शब्दावर तुम्हीच बोट ठेवलंत. "लय लांब हाय. अर्थ सांग याचा." मी कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन पाहिला. आजार बरा न करता दुखणं तेवढं हलकं करणारा. संध्याकाळी तुम्ही खाटेवरूनच विचारलंत. मी म्हणालो, "डिक्शनरीत नाय, आप्पा." ते खोटं नव्हतं. तुम्ही डिक्शनरी मागून घेतलीत, कव्हर सोडवलंत, फाटक्या कडेवरून अंगठा फिरवलात. "फसवलं की त्या रद्दीवाल्यानं," म्हणून हसलात. मग थांबून म्हणालात, "सांगायचं व्हतं रे."

ते पानांबद्दल होतं की शब्दाबद्दल, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यानंतर तुम्ही एकही शब्द विचारला नाहीत. तुमच्यामागे माझं कॉलेजही सुटलं.

हे पत्र घडी करून डिक्शनरीत ठेवतो, ‘ओ’ संपतो तिथं. मोबाईल प्रत्येक शब्दाखाली विचारतो, माहीत होता की नव्हता. ऑफिसात कोणी बघत नव्हतं, आप्पा, तरी मी आजही ‘नव्हता’च दाबलं.