तात्याबाच्या नावावर

सिरसाळा,
दि. १२ नोव्हेंबर २०२५

दाजी,

लखनचा नमस्कार. इकडे सगळे ठीक आहेत. बबिताताई बरी आहे. आईने तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलेल्या करंज्या मऊ पडल्या, शेवटी आम्हीच खाल्ल्या. भाऊबीज झाल्यावर ताईला न्यायला येतो म्हणाला होतात, आला नाहीत. कामाच्या गडबडीत असाल.

फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं म्हणाल. फोन केला होता की! मी तोंड उघडलं की तुम्ही "लखन, पॉझिटिव्ह राहा" म्हणता आणि कापता. कागद कापता येत नाही, म्हणून लिहितोय. वस्तीवरचा अजिनाथ उद्या बीडला येतोय, तो हातात देईल. वाचून झाल्याशिवाय हलू नको, असं त्याला बजावलंय.

जावयाला उलटून बोलायची आमच्या घरात रीत नाही. लग्नात तात्यांनी तुमचे पाय धुतले, मी वर पाणी घालत होतो. तेव्हापासून तुमचा शब्द खाली पडू दिला नाही. तुम्ही म्हणालात, "मोठ्या कंपनीत सुपरवायझरची जागा हाय, पगार हाय, इंटरव्ह्यूला ये." मी आलो. ताईने इस्त्री करून दिलेला तुमचाच शर्ट घालून आलो.

आठवतोय ना तो इंटरव्ह्यू? टायरच्या दुकानावरचा हॉल, गाणी लावलेली, आणि टाय घातलेले तुमचे सर. माझ्या बी.ए.च्या कागदाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. विचारलं काय, तर "वडील काय करतात? कोण कोण ओळखतं त्यांना?" मला वाटलं, वा, माणूस घराण्याची चौकशी करतोय! मी छाती फुगवून सांगितलं, आमच्या मेंढ्या खतासाठी तेलगावपासून लिंबागणेशपर्यंत रानारानात बसतात, तात्याबाचं नाव घेतलं की कुणी दार लावत नाही. एकेका शेतकऱ्याचं नाव सांगितलं, वस्ती सांगितली. तुम्ही शेजारीच बसून मान डोलावत होतात. सर म्हणाले, "हा तर हिरा हाय!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग माझा हात हातात घेऊन म्हणाले, "पक्कं."

आता आमच्यात पक्कं म्हणजे पक्कं असतं. शेतकरी बांधावरून नुसतं "बसवा" म्हणाला की आम्ही वाघुरीची जाळी उभी करतो, मेंढ्या आत घेतो. कागद नाही, सही नाही. त्याच हिशोबाने मी घरी येऊन आमच्या मेंढ्यांच्या वाड्याचे पुढारी धुळाजीकाका यांना सांगून टाकलं, यंदा वाड्याबरोबर रानोरान फिरायला मी येत नाही, मला नोकरी लागली. काका हसले, "साहेब झाला बे तू!" वाड्यात घरटी एक माणूस लागतोच. माझ्या जागी तात्या निघाले. गुडघा धरून निघाले, पण तोंडावर असा आनंद, की आई त्यांना अडवू शकली नाही.

दिवाळीनंतर ट्रेनिंगला आलो तेव्हा तुमची नोकरी कळली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! पगार नाही. आधी स्वतःच्या पैशाने जनावरांचं दूध वाढवायच्या पावडरीच्या पिशव्या घ्यायच्या, विकल्या तर कमिशन. आणि खरी कमाई पावडरीत नाहीच, ती माणसं आणण्यात. लिंबागणेशहून आलेला एक पोरगा रडायला लागला, तर सर म्हणाले, "रडणारे आयुष्यभर मेंढ्या राखतात." दाजी, तुम्ही हसलात. माझ्याकडे बघून हसलात. मेंढ्या राखणाऱ्याची पोरगी तुमच्या घरात नांदते, हे त्या वेळी तुमच्या डोक्यात कुठं होतं?

तरी मी गप्प बसलो. म्हटलं, दाजीही फसले असतील, बीडमध्ये घर चालवायचं म्हणजे सोपं नाही. तात्यांना सोडवून आपण वाड्यात जावं, म्हणून तेलगावला गेलो.

वाडा रस्त्याच्या कडेला होता, दाजी. विठ्ठलरावांच्या रानात नाही, रस्त्याच्या कडेला! ट्रक जायचे, मेंढ्या उधळायच्या, आणि तात्या तो गुडघा ओढत त्यांच्यामागे धावायचे. माझ्या आज्यापासून आमच्या मेंढ्या विठ्ठलरावांच्या रानात बसतात. मी विचारलं, तर तात्या मेंढ्या वळवायला निघून गेले. मग विठ्ठलरावांनी यंदा रानात येऊ दिलं नाही, असं धुळाजीकाकांनी सांगितलं, आणि मी तडक विठ्ठलरावांच्या घरी गेलो.

ते मला बस म्हणाले नाहीत. म्हणाले, "तुझा दाजी आला होता. सांगत होता, तात्याबा सोताच्या मेंढ्यांना हीच पावडर चारतो. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर पिशवी भिरकावली असती. पण जनावराच्या बाबतीत तात्याबाचं नाव म्हणल्यावर इचारायचं काय? घातली म्हशीला. म्हशीनं चारा सोडला, आता धार न्हाई. तुझ्या बापाला मी लई मानत होतो, लखन."

मी सांगितलं की आमच्या मेंढीने ती पावडर हुंगलीसुद्धा नाही. त्यांनी विचारलं, "मग तुझ्या बापानं कावून सांगितलं न्हाई?"

कारण तात्यांनी त्यांच्यासमोर मान खाली घातली होती. जावई खोटं बोलला, असं एक वाक्य म्हटलं असतं तर रान उघडलं असतं. तेवढंही ते म्हणाले नाहीत. जावयाची अब्रू ठेवली, स्वतःची दिली. मला घरी येताना वाटेत म्हणाले, "पोरगी दिलीया त्या घरात. तू बी बोलू नगं." आणि नंतर कळलं, एकट्या विठ्ठलरावांकडे नाही, मी सांगितलेल्या एकेका घरी तुम्ही जाऊन आलात. तो इंटरव्ह्यू माझा नव्हताच. माझ्या तोंडून तात्यांचं नाव काढून घ्यायचं होतं. तुम्हाला लाज वाटत नाही? मला तुमची वाटते.

तात्यांना मी घरी आणलंय. गुडघा भोपळ्याएवढा सुजलाय. ताईच शेकत बसते. मी काठी घेऊन बीडला निघालो होतो, खोटं कशाला सांगू. ताई दारात आडवी झाली, "माझी शपथ हाय, हात उचलायचा न्हाई. लिव्ह त्यांना."

तिला कालच तुमचा निरोप आला. सोमवारी महिलांचा इंटरव्ह्यू आहे, वस्तीवरच्या बायका घेऊन ये. निरोप वाचून तिने फोन आईकडे दिला आणि भाकरी थापायला बसली. सुरुवातीला मी ताई बरी आहे असं लिहिलंय, ते खरं नाही. ती जेवत नाही. बायका ती आणणार नाही, आणि सोमवारी स्वतःही येणार नाही.

पुढचं तिने सांगितलंय, तिच्याच शब्दांत लिहितो.

"मला न्यायला यायचं तर या. बीडहून येताना तेलगाव वाटंतच लागतं. तितं उतरा. इठ्ठलरावांच्या दारात हुबं राहून सांगा, मी खोटं बोललो, माझ्या सासऱ्याचा ह्यात हात न्हाई. मंग म्होरल्या घरी जा. समद्या घरी जा. मंग सिरसाळ्याला या. तात्या तुमाला काय बोलायचे न्हाईत, मी बी न्हाई. पर तेलगावला न उतरता आलात, तर तसंच म्होरं परळीला जा."

तात्यांना हे पत्र माहीत नाही. कळलं तर मला रागावतील, जावयाला असं लिहितात का म्हणून. रागावू देत. मी उद्या वाड्यावर चाललोय, आणि मेंढ्या अजून रस्त्यावरच आहेत.

मेहुणा म्हणून सही करणार होतो. ती तुम्ही तेलगावहून आल्यावर करीन.

तात्याबाचा मुलगा,
लखन